बी कुणाचं

आई, परवा सोसायटीच्या हॉलमध्ये उभी राहून मी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्या झाडांचं बी कुणाचं?" आणि विचारता विचारताच हा प्रश्न आधी कुठे ऐकलाय ते आठवलं.

आपल्या मुलुंडच्या बिल्डिंगमागे डोंगराला लागून मोकळी जागा आहे ना, तिथे एक कंपनी झाडं लावणार म्हणतेय. निलगिरीच, पण प्रयोगशाळेत जनुकं बदललेली. भराभर वाढतात, पानांना कीड म्हणून लागत नाही. कमिटीवाले खूश, फुकटात हिरवळ मिळतेय. अगं, कीड लागत नाही म्हणजे पान कुणी खाणारच नाही. मग सुरवंट कुठे जायचे, आणि सुरवंटांवर जगणारे पक्षी? उद्या फुलं आली की पराग रस्त्यापलीकडच्या साध्या निलगिरींवर जाणार, तो काय आपला वॉचमन अडवणार आहे? एकदा गेलं ते परत बोलावता येत नाही. एवढं सगळं मी बोलले. कंपनीचा माणूस शांतपणे ऐकत होता. मग हसून म्हणाला, "मॅडम, बाहेरून आलेलं सगळंच वाईट असतं का?" हॉल हसला. मी खाली बसले. दुसऱ्या कुणाला नसेल कळलं, पण मला ते जिव्हारी लागलं.

मला अनाथाश्रमातून आणलंस त्याला बरीच वर्षं झाली होती, मी शाळेत जायला लागले होते. तू स्वयंपाकघरात घावने घालतेयस, मी ओट्याला टेकून उभी आहे. शेजारची मावशी येते, माझ्याकडे बघते आणि मी बहिरी असल्यासारखी तुला म्हणते, "कोणाचा बी, कोणाक म्हायत!" तू वर बघत नाहीस. घावन उलटतेस, तिच्या ताटलीत टाकतेस आणि म्हणतेस, "माझ्या घरात रुजला ना, मगे माझाच." मावशी खायला बसते. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता, की मी रात्री तुझ्याच पदरात झोपले.

आणि आता तोच प्रश्न मी झाडांना विचारतेय. दोन दिवस डोकं फिरलं होतं माझं. मग कळलं, तू नुसतं घरात घेतलं नाहीस. मला गोवर निघाला तेव्हा तू जागलीस, कॉलेजात नापास झाले तेव्हा प्रिन्सिपॉलपुढे तू उभी राहिलीस. माझं जे काही होईल ते तुझ्या अंगावर होतं, मरेपर्यंत. ह्या झाडांचं कोण आहे असं? मी त्या माणसाला फोन करून विचारलं, पुढे काही बिघडलं तर कोणाकडे यायचं? म्हणाला, पहिली काही वर्षं देखभाल आमची, पुढे सोसायटीची. बस्स, मला माझं उत्तर मिळालं. रविवारी मतदान आहे. पुन्हा हसले तरी चालेल, मी बसणार नाही. मजल्यामजल्यावर दारं ठोठावतेय, लोक कंटाळलेत मला.

हे कुठे पाठवणार मी, कपाटातच राहील. पण एक सांगते. तू असतीस तर त्यातलं एक रोप उचलून गॅलरीत आणलं असतंस, "आता आणलाय ना," म्हणाली असतीस. आणि आई, मी तुझ्याविरुद्धही मत दिलं असतं.