बाजरीआडचे आंबे

तांगीनगो, १० नोव्हेंबर १९९१

ति. अझेताताईस,
साल्फोचा सा. न. वि. वि.

परवा बाजरीचं शेवटचं ताट आडवं झालं आणि माझी आंब्याची रोपं उघडी पडली. तेव्हापासून माझं काही खरं नाही.

किब्साची आई कसते ते शेत लामुसाबाबांचं, उसनं घेतलेलं, हे तुला ठाऊक आहेच. निंदणी उरकली, पीक डोक्याच्या वर गेलं, तेव्हा मी त्यात रोपं लावली. किब्सालाही सांगितलं नाही. कापणीनंतर दिसतील, ती चकित होईल, म्हातारपणी दोघं त्या सावलीत बसू, असा बेत. कॉलेज सोडून आल्यावर तेवढंच एक धड काम केलं असं वाटत होतं. उसन्या जमिनीत झाड लावायचं नसतं, हे आजोबांकडून ऐकलं होतं. म्हटलं, जुनाट गोष्टी.

लामुसाबाबा दरवर्षीप्रमाणे कणसांची टोपली न्यायला आले. रोपाला काठी टेकवून त्यांनी किब्साच्या आईला शांतपणे विचारलं, की ही जमीन तुझी कधी झाली? ज्याचं झाड त्याचा उद्या जमिनीवर हक्क, तेव्हा पुढच्या पावसाला दुसरीकडे बघ. त्या विधवा बाईनं मातीत गुडघे टेकले. माझं डोकं फिरलं. जो कसतो त्याचीच जमीन, असं चारचौघांत ओरडलो. ते टोपली तिथंच ठेवून निघून गेले. न नेलेली टोपली म्हणजे शेत परत घेतलं, हे तुला सांगायला नको.

किब्सा एवढंच म्हणाली, "तू रोपं लावलीस आणि आम्हाला उपटलंस." त्यानंतर बोललेली नाही. सगळी रोपं उपटून म्हाताऱ्याच्या दारात फेकावीत असं मनात आहे.

वडिलांना कळू देऊ नकोस. तुझी माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा साल्फो


वागादुगू, १६ नोव्हेंबर

चि. साल्फोस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझं पत्र वाचून तुझे मेहुणे म्हणाले, लोक पोरीला कापड देतात, आरसा देतात. यानं भांडण दिलं. मी त्यांना गप्प केलं, पण हसूही आलं.

रोपं फेकू नकोस. तो आणखी एक तमाशा होईल, आणि निस्तरायचा पुन्हा त्या मायलेकींनी. लामुसाबाबांचं आंब्यांशी वैर नाही. उद्या कुणी झाडाकडे बोट दाखवून जमीन मागेल, याची त्यांना धास्ती. मग झाडं त्यांचीच करून टाक. माफीसाठी कोलाच्या बिया घेऊन जा, चपला काढ, खाली बस. ओरडलास चारचौघांत, तर सांगही चारचौघांतच, की झाडं तुमची.

तुला झोंबेल. लहानपणी तू शेंगदाणाही कधी वाटून खाल्ला नाहीस. पण एकदाचं ठरव, जीव किब्सावर आहे की झाडावर आपलं नाव असण्यावर.

रागाला जेवढा वेळ देतोस तेवढा जेवणालाही देत जा.

तुझी ताई, अझेता


तांगीनगो, २९ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी चुरगाळलं. मग सरळ केलं आणि गेलो.

लामुसाबाबा मांडवात म्हाताऱ्यांबरोबर बसले होते. बराच वेळ माझ्याकडे पाहिलंच नाही. मी बिया पुढे केल्या आणि झाडं तुमची म्हणालो. आंबे धरतील तेव्हा तुला एकही मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. ठाऊक आहे, म्हटलं. मग पावसापर्यंत पाणी कोण घालणार, असं विचारलं. मी, म्हटलं. तेव्हा त्यांनी बी फोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. संध्याकाळी टोपली मागवून घेतली. शेत किब्साच्या आईकडेच राहिलं.

आता गाव मला लामुसाबाबांचा माळी म्हणतं. ऐकलं की राग येतो, राग आला की पाणी हिंदकळतं, आणि सांडलं तर पुन्हा विहीर. त्यामुळे राग आवरावा लागतो.

किब्सा अजून बोलत नाही. पण काल कडेच्या रोपाभोवती काटेरी फांद्या नीट रोवलेल्या दिसल्या. मी रोवल्या नव्हत्या. लामुसाबाबांना तर वाकताही येत नाही.

वडिलांना आता सांगितलंस तरी चालेल. आहे तशीच माया राहू दे.

तुझा साल्फो

ता. क. उन्हं चढायच्या आत शेतावर पोचायला हवं. मेलेल्या रोपांच्या जागी लावायची दोन रोपं खोलीत आहेत, आणि उंबऱ्यावर एक शेळी टपून बसलीय. रोपं लामुसाबाबांची, शेळीही त्यांचीच. पण जबाबदारी माझी. पाण्याचा डबा उचलतो, दार घट्ट ओढून घेतो आणि निघतो.