देवीपुढची गोळी

॥ श्री ॥
कळंब, ता. इंदापूर
१० सप्टेंबर २०२५

चि. सौ. संजीवनीस, दादाचे अ. उ. आशीर्वाद.

सोमवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, बाकी मागून. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवला, आणि बाहेर येऊन चपला घालेपर्यंत मला ते सगळं खोटं वाटायला लागलं. म्हणून परत आत गेलो. ते दुसऱ्या पेशंटला तपासत होते, तरी हसून त्यांनी पुन्हा सांगितलं, की मानेतली कॅन्सरची गाठ गेली, बाकी कुठे काही दिसत नाही, आता फक्त वेळच्या वेळी दाखवायला यायचं. मग मी पेढे घेतले आणि गाडीत बसल्या बसल्या वाटायला लागलो. कंडक्टरने विचारलं, मुलगा झाला का काय. मी म्हटलं, व्हय, अठ्ठेचाळीस वर्षांचा. गाडीभर हसू झालं, आणि मला मात्र खिडकीकडे तोंड करून डोळे पुसावे लागले.

दुसरा कागदही चांगला आहे. एचआयव्हीचा विषाणू रक्तात आढळला नाही, असं त्यावर लिहिलंय. इतकी वर्षं रोज सकाळी मी ती गोळी घेतो हे घरात तुला आणि तुझ्या कौसल्यावहिनीलाच ठाऊक. गावाला फक्त गाठ माहीत आहे. फोनवर हे बोलता येत नाही, ओसरीवर कुणी ना कुणी असतंच, म्हणून पत्र.

आता आनंदाची आणखी एक गोष्ट. सलाईनमधून ती जहाल औषधं चढत होती तेव्हा मी देवीला बोललो होतो, की गाठ गेली तर नवरात्रात तुझ्या देवळात घटी बसेन. घट उठेपर्यंत घरी जायचं नाही, आणि पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. काही म्हणजे काहीच, त्यात गोळीही आली. भिऊ नकोस. विषाणू रक्तात राहिलेलाच नाही, आणि ज्या शरीराने एवढी गाठ हटवली त्याला आता कसली भीती?

पेरू यंदा चांगला धरलाय. श्रेयाला पाठवतो. रागावलीस तरी चालेल, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
सोपानदादा


जळोची, बारामती
१३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास, संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राचं पहिलं पान वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. श्रेयाने पाहिलं आणि आईला काय झालं म्हणून तिच्या बाबांना बोलावून आणलं. मग दुसरं पान वाचलं आणि खालीच बसले.

आधी भांडण पेढ्यांचं. दवाखान्यापासून जळोची ती केवढी लांब? अख्ख्या एस.टी.ला पेढे आणि सख्ख्या बहिणीला पत्र! हे मी वहिनीला सांगणार आहे.

आता शाळेत मुलांना शिकवते तसं तुला शिकवते, हसू नकोस. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंगभर फिरून बाकीच्या पेशी तपासत असतात. एखादी बिघडली, भलतीच वाढायला लागली, की तिला संपवतात. आपल्याला न कळता असं किती वेळा होत असेल! एचआयव्ही शिरतो तो नेमका या पहारेकऱ्यांमध्येच, आणि त्यातही जे बाकीच्यांना हाक मारून कामाला लावतात त्यांच्यात. तुझ्या गोळ्या सुरू व्हायच्या आधीचे दिवस आठव. तेव्हा पहारा पातळ झाला होता. तुझी गाठ त्यामुळेच झाली असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत, पण अशा माणसांना अशा गाठी जास्त होतात हे खरं. गाठही लबाड असते. मी तुमचीच आहे अशी खूण ती पहारेकऱ्यांना दाखवते आणि ते तिला सोडून देतात. आणि रोज तोच शत्रू समोर बघून पहारेकरी थकतात, मग समोर विषाणू असो की गाठ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतकं नवल वाटलं होतं की तव्यावरची पोळी करपली.

आता तुझी चूक. रक्तात आढळला नाही म्हणजे गेला, असं नाही. काही पेशींच्या आत तो झोपून असतो. गोळी त्याला वाढू देत नाही, पण झोपलेल्याला मारतही नाही. गोळी थांबली की तो उठतो, कधी थोड्या दिवसांत, कधी काही आठवड्यांत. आणि गाठ तुझ्या शरीराने एकट्याने नाही हटवली, औषधांनी हटवली. त्या औषधांत तुझे पहारेकरीही पुष्कळ गेले. जे आहेत ते आत्ता कुठे सावरतायत. त्यांना तू उपाशी ठेवणार आणि वर वैऱ्याला जागं करणार?

आणखी एक विचारते. गौरीला आमच्याकडे आला होतास तेव्हा गोळी न्हाणीघरात जाऊन घेतलीस. घरात आम्हीच होतो. देवळात न्हाणीघर नाही, दादा. तिथे घोंगडीला घोंगडी लावून सगळे बसणार. मग नवसात गोळी आली ती देवीसाठी, की बघणाऱ्यांसाठी?

उत्तर पाठव, नाहीतर मीच येऊन तुझ्या शेजारी घटी बसेन आणि दिवसभर शिकवत राहीन.

तुझी भांडकुदळ,
संजू


कळंब
१७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संजीवनीस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र कौसल्याने माझ्या आधी वाचलं. ती एवढंच म्हणाली, की नवस बोलताना मला इचारलं व्हतं का, आन् आता उपास मोडायचा का न्हाय ते मला कशाला इचारता. त्या दिवशीच्या भाकरी जरा जाडच झाल्या.

काल पेरूत लव्हाळा खुरपत होतो. वरून रान कसं स्वच्छ दिसतं, आणि पाणी दिलं की आठवड्यात हिरवं. खाली मातीत त्याच्या गाठी असतात. मी खुरपं ठेवून बांधावर बसलो आणि मोठ्याने हसलो. आयुष्यभर लव्हाळा काढणाऱ्या माणसाला तुझा झोपलेला विषाणू कळू नये! माझ्याच अंगात हे सगळं चाललंय, पहारे काय, हाका काय, फसवणं काय, आणि मला वाटत होतं आत नुसतं रक्त आहे. देवाने केवढी वस्ती वसवून ठेवलीय, संजू. कालपासून हात जोडताना मला छातीत गर्दी असल्यासारखं वाटतं.

तू विचारलंस ते खरं आहे. ते बघणाऱ्यांसाठीच. नवस मी बोललो तेव्हाच मनाच्या कोपऱ्यात ठाऊक होतं, की पाण्याशिवाय काही नाही म्हटलं की गोळीचा प्रश्नच मिटला. देवीला कौल लावावा असंही मनात आलं. पण फुलं लावायची आणि माझी भीती तिच्या डोक्यावर ठेवायची, हे बरं दिसेना. ते नको.

पण अडचण तशीच आहे. देवळात गोळी काढली की कुणीतरी विचारणारच, कसली म्हणून. खरं सांगितलं तर मला उठवतील का? माझ्या हातचं पाणी पितील का? कौसल्याला हळदी-कुंकवाला बोलावतील का? तिने तपासणी करून घेतलीय, तिला काही नाही, पण हे लोक ऐकणार आहेत का? आणि घटी बसलोच नाही तर बोललेला शब्द मोडतो. मन सारखं इकडून तिकडे हेलपाटे घालतंय.

दोन ओळी तरी लिही. तुझ्या अक्षराने धीर येतो.

सोपानदादा


जळोची
१९ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास शि. सा. न.

काय कर ते मी सांगणार नाही. शेजारी बसून, एका तांब्यातलं पाणी पिऊन, एका ताटातला प्रसाद खाऊन हे होत नाही. आणि तुझा रिपोर्ट असाच राहिला तर वहिनीलाही तुझ्यापासून ते होणार नाही. एवढं कुणी विचारलं तर सांग, नाही विचारलं तरी सांग. डॉक्टरांना मात्र विचार, पण ते उपास नको म्हणतील यावर मी माझ्या वाट्याचे पेरू लावायला तयार आहे.

कुणी उठवलंच, तर पहिली गाडी धरून इकडे ये. आमचं देवघर लहान आहे, तू आणि देवी दोघं मावाल.

घाईत, पण मायेने,
संजू


देवीचं देऊळ, कळंब
२३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. संजीवनीस, खांबाला टेकून बसलेल्या दादाचे पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र मी देवळातूनच लिहितोय. कौसल्या पोस्टात टाकेल. अक्षर वाकडं आलं तर ते आनंदाने आलं असं समज. पेरू मी हरलो असतो. मी उपासाचं नाव काढताच डॉक्टरांनी हात जोडले, नको म्हणाले.

काल घट बसण्याआधी मी देवीपुढे उभा राहिलो आणि पाण्याशिवाय काही नाही हा शब्द परत घेतला. म्हटलं, फराळ करीन, गोळी घेईन, बाकी तुझ्या पायाशी बसून राहीन. तिने काही म्हटलं नाही. मागेही ती काही म्हणाली नव्हती, ते पाण्याचं कलम मीच घातलं होतं.

सकाळची आरती झाली, सगळे आपापल्या घोंगड्यांवर टेकले. माझ्या एका बाजूला बानूबाई, या देवळात सगळ्यांत जुनी घटी बसणारी, आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या रानातला रविराज. दोन केळी खाल्ली आणि डबी काढली. डबीचं झाकण वाजलं तेवढ्याने बानूबाईने मान वळवून विचारलं, कसली रं गोळी. गाठीची, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तो सगळ्यांनी मानला असता आणि आज मी तुला वेगळंच पत्र लिहीत असतो. मी तो गिळला आणि म्हटलं, एचआयव्हीची. तिला कमी ऐकू येतं. कशाची म्हणून तिने कानाला हात लावला. मग मला ते नाव दुसऱ्यांदा, गाभाऱ्यात घुमेल एवढ्या मोठ्याने सांगावं लागलं. संजू, आयुष्यात मी ते कधी पुटपुटलोसुद्धा नव्हतो.

मग रविराज उठला, घोंगडी गोळा केली आणि पलीकडच्या खांबाशी जाऊन बसला. अजून तिथेच आहे. मी तू लिहिलेलं सगळं सांगितलं, पाण्याचं, प्रसादाचं. किती जणांना पटलं कुणास ठाऊक. दोघींनी विचारलं, मग कौसल्या? मी म्हटलं, ती ठणठणीत आहे, माझ्यावर रोज ओरडते त्यावरून ओळखा. एक जण हसला.

बानूबाई मात्र माझ्याकडे बघतच होती. तिने विचारलं, मरनार हायेस का तू. मी म्हटलं, गोळी घेतली तर न्हाय. तर म्हणाली, मग हातात धरून बघत काय बसलाईस, घे की.

आणि भरल्या देवळात, देवीपुढे, सगळ्यांच्या देखत मी गोळी घेतली.

तुझ्या मायेच्या सावलीतला,
सोपानदादा