दादांची चप्पल मेलबर्नला धुतली

मेलबर्न, बुधवार

ती. दादांच्या चरणी, म्हणजे सध्या एकच चप्पल उरलेल्या त्या चरणी, रणधीरचा नमस्कार.

हा देश आडवा पार करायला आणलेली आपली स्पोर्ट्स कार जहाजातून सुखरूप उतरली, काळजी नसावी. फक्त चार दिवस बंदरावर अडकली, ती तुमच्यामुळं.

दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही गाडीमागं आपली जुनी चप्पल बांधलीत. तिच्या तळाला आपल्या माकणी गावची माती निघाली. या देशात परमुलखाची माती चालत नाही. तपासणीच्या बाईंनी हातमोजे घालून चप्पल उचलली आणि विचारलं, "ही जाळू, की गाडी परत पाठवू?"

"जाळा म्हणा," सोनाली म्हणाली. "मामंजींच्या चपलीपायी माघारी जायचं व्हय?"

मला जाळा म्हणवेना. गरम पाण्यात तासभर घासली, तेव्हा बाई राजी झाल्या. दादा, चप्पल तांबडी आहे! पंधरा वर्षं आम्ही काळी समजत होतो.

मागं मात्र बांधू दिली नाही. गाडीत सीटा दोनच, म्हणून ती सोनालीच्या मांडीवर आहे. सोनाली कालपासून बोलत नाही.

पुढं शेकडो मैल माणूस नाही म्हणतात. चप्पल आहे, तेवढा धीर.

गुडघा कसा आहे? अनवाणी हिंडू नका. आणि दुसरी चप्पल आईला फेकू देऊ नका. जोड पुरा करायला मी येतोय.

तुमचा,
रणधीर