बाबांचं दुसरं घड्याळ

प्रिय झोपाळू,

पत्र बघून दचकला असशील. हाताशी फोन असताना ताईने कागद का काळा केला, असा प्रश्न तुला पडेल. पडू दे. गेले दोन महिने मला इतके प्रश्न पडलेत, एखादा तुझ्याही वाट्याला येऊ दे.

बाबांचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र शाबूत आहे. तू परदेशी गेलास तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशेजारी तुझ्या शहराच्या वेळेचं घड्याळ लावलं. आम्ही दुपारी जेवायला बसलो की वर बघून म्हणणार, हा आत्ता कुठे उठला असेल, बसला असेल जांभया देत. तू सांगायचास, तिथे संध्याकाळीच दुकानं मिटतात, रस्त्यात कुणी कुणाला हाक मारत नाही, खिडकीखालून ट्राम तेवढी घंटा वाजवत जाते. इथे उजाडायच्या आत डेपोतल्या बसेस घरघरतात आणि शेजारचे काका त्यांच्यावर ताण करून खाकरतात. बाबांना तुझ्या त्या शांततेचं भारी कौतुक.

मग एकदा बोलता बोलता तू म्हणालास, थांब ताई, लाइट आली, फोन चार्जिंगला लावतो. एवढ्या वर्षांत तिथे कधी गेलीच नव्हती, ती लाइट आली कुठून? ट्रामची घंटाही ऐकू येईना. विचारलं तर म्हणे थंडी आहे, खिडक्या बंद. माझ्या मनात पाल चुकचुकली. तुला माहीतच आहे, दुकानात कुणी कोट दुरुस्तीला आणला की मी तो आधी उलटा करते. वरून कापड कितीही भारी असो, खरं काय ते आतली शिवण सांगते. मला वाटलं, कुणीतरी भेटली असणार आणि घरी सांगायला धजत नसणार. तुला झापायची वाक्यं पाठ केली आणि तिच्यासाठी एक निळं कापडही हेरून ठेवलं, हे आता सांगायला हरकत नाही.

पण पितळ उघडं पडलं ते त्या एका तासाने. दर हिवाळ्यात तिथे घड्याळं तासभर मागे घेतात. त्या दिवशी तू न चुकता आठवण करून द्यायचास, आणि बाबा स्टुलावर चढून काटा फिरवायचे. वर शेरा, सरकारने सांगितलं म्हणून सूर्य काय रांगेत उभा राहतो? यंदा तू काट्याचा विषयच काढला नाहीस. वरच्या मजल्यावरच्या बाईंची लेक तिथेच असते. त्या जिन्यात सहज म्हणाल्या, तिकडची वेळ बदलली. रात्री जेवणं उरकल्यावर तुझा फोन आला, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, किती वाजले रे तिथे? तू पटकन म्हणालास, चार, आत्ताच चहाला उठलोय. अरे गाढवा, तिथे तीनच वाजले होते! तू घड्याळ बघून नाही, जुना हिशेब करून बोललास.

आधी राग आला, मग भलतेसलते विचार. आजारी आहेस का? काही करून बसलायस का? शेवटी तुझा मित्र पॅंट आखूड करून घ्यायला आला, तेव्हा टेप त्याच्या कमरेला धरूनच विचारलं. लागला त-त-प-प करायला. तिथलं ऑफिस बंद पडलं, तू कधीच परत आलास आणि त्याच्याच खोलीवर राहतोस. बसमध्ये तुझी एक झोप होईल एवढ्या अंतरावर! बाबांना कळू देऊ नका, म्हणाला.

मी नाही सांगितलं. पण काल दुपारी घरी आले तर बाबा स्टुलावर, दुखऱ्या गुडघ्यासकट. वाटलं, उशिरा का होईना, तो तास मागे घेतायत. खाली उतरले तेव्हा दोन्ही घड्याळांत एकच वेळ होती, आपली. मी स्टूल बाजूला केलं. म्हणाले, मला तुझ्या आधीपासून माहीत आहे, पोरगा फोनवर आपल्या वेळेला जांभया देतो. मग म्हणाले, फोन केलास तर त्याला परत खोटं बोलावं लागेल, तू लिही. म्हणून हे पत्र, तुझ्या मित्राच्या पत्त्यावर. आज जेवताना त्यांनी भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. सारखे दाराकडे बघत होते. ये बाबा आता.

तुझीच, शिवण उलटी करून बघणारी,
ताई