वाहता नळ

८ ऑगस्ट, मंगळवार

पाण्याचा कॉक बंद केला आणि थोबाडीत बसल्यासारखं झालं.

रोज सकाळी सूनबाई शाळेत जायच्या आधी न्हाणीघरात शिरते आणि नळ सोडते. बादली भरून वाहते, तरी बंद करायचं नाव नाही. "अगं, पाणी वाया चाललंय!" — बोलून बोलून जीभ झिजली माझी. आज जपाला बसले होते, ती माळ तशीच हातात घेऊन उठले आणि बाहेरचा कॉक फिरवला. म्हटलं, आता कळेल!

नळ थांबला. आतून हुंदके. तोंडात टॉवेल धरून रडावं तसे.

मी कॉक परत सोडला. पाणी वाहू दे, काय वाहायचंय ते. देवासमोर येऊन बसले तर माळ कुठवर आली होती तेच आठवेना.

९ ऑगस्ट, बुधवार

कारण कळलं! चिरंजीव बायकोची समजूत घालत होते, ते कानावर आलं. शिक्षकांच्या पात्रता परीक्षेत सूनबाई तिसऱ्यांदा नापास. सहा वर्षं गणित शिकवते, पण प्रमाणपत्र दर साली नवं, तात्पुरतं. आणि मी बहिणीपुढे मिरवत होते — आमची सून कायम आहे म्हणून!

तिला काही विचारलं नाही. पाण्यावरून एवढं बोलले, आता कोणत्या तोंडानं विचारू?

१२ ऑगस्ट, शनिवार

शिक्षक संघटनेच्या सेक्रेटरीबाई आल्या होत्या. शिक्षकांसाठी नवा कायदा येतोय. त्यात दोन गोष्टी. एक, पाच वर्षं शिकवलेल्यांचं वर्गातलं शिकवणं बघून प्रमाणपत्र द्यायचं, नुसत्या पेपरवर नाही. दुसरी, शिक्षक सोडून गेला की त्या जागी लगेच माणूस नेमायचा. बुधवारी विधिमंडळाची समिती लोकांचं म्हणणं ऐकणार आहे.

सूनबाई म्हणाली, "मला नाही जमणार बोलायला." सेक्रेटरीबाई माझ्याकडे वळल्या. "मग काकू, तुम्ही? घरच्या माणसाचं बोलणं काळजाला भिडतं." मी लगेच हो म्हटलं. मनात आलं, नळाचं पाप असं फेडीन.

सूनबाई भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "आई, शाळेपुरतं बोला हं."

१६ ऑगस्ट, बुधवार

बोलले!

मोठा हॉल, गारेगार, समोर पाण्याच्या बाटल्या. माझ्याआधी एक प्राध्यापक आकडेच आकडे सांगत होते आणि अध्यक्ष जांभई देत होते. माझी पाळी आली तशी लिहून नेलेलं सगळं विसरले. मग तोंडून नळच निघाला. कॉक, हुंदके, तीनदा नापास — सगळं. "परीक्षेपायी पोर रोज रडते हो!" म्हटलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. टाळ्यासुद्धा पडल्या.

येताना रिक्षा केली. मी! रिक्षा!

१७ ऑगस्ट, गुरुवार

सगळं भाषण मोबाईलवर दिसत होतं म्हणे. कालच शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिलं. आज शाळेच्या फाटकाशी एका मुलाची आई मोठ्यानं बोलली, "तीनदा नापास झालेल्या बाई आमच्या पोरांना काय शिकवणार?"

हे चिरंजीवांनी सांगितलं. "आई, घरातलं धुणं चव्हाट्यावर धुतलंस!" सूनबाईनं मला जेवायला वाढलं, पाणी दिलं, "आणखी घ्या" म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट

आज देवाकडे वर मान करून बघवलं नाही.

२० ऑगस्ट, रविवार

ती कपडे वाळत घालत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "चुकलं माझं. रडण्याचं मी जगाला सांगायला नको होतं."

ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "सांगितलंत ते सांगितलंत. पण आई, मी परीक्षेसाठी नाही रडत."

"मग गं?"

"शेजारच्या वर्गाच्या बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांची पोरंही माझ्याच वर्गात बसवलीत. खिडकीच्या कट्ट्यावरसुद्धा बसतात. निम्म्यांची नावं येत नाहीत मला. एक मुलगी परवा म्हणाली, बाई, तुम्ही मला एकदाही उत्तराला उभं नाही केलं. ती रोज डोळ्यांपुढे येते. नापास काय, पुन्हा बसता येतं."

माझ्या हातातली ओली चादर तशीच राहिली. एका छताखाली राहतो. नळ किती वाहतो ते मला ठाऊक, पोर का रडते ते नाही! आणि ठाऊक नसताना सरकारला सांगून आले.

"हे तिथे जाऊन सांगू का?" — या वेळी विचारलं. "सांगा," म्हणाली.

२२ ऑगस्ट, मंगळवार

अध्यक्षांच्या कार्यालयात गेले. बाकावर बसून बसून पाठ धरली. शेवटी बोलावलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. परीक्षा नव्हे साहेब, रिकाम्या जागा! भरा त्या!

ते हसले. "आजी, तुमच्याच बोलण्यानं निकाल लागला. परीक्षेचं कलम ठेवलं, जागांचं गाळलं. दुखणं परीक्षेचं आहे हे तुम्हीच सांगितलंत की! आणि नेमणुकांना पैसा लागतो. प्रमाणपत्राला काय, नुसता कागद."

माझ्यासारखाच काटकसरी निघाला.

घरी येऊन सूनबाईला सांगितलं. "असू दे, आई," म्हणाली. ते "असू दे" अजून कानात आहे.

४ सप्टेंबर, सोमवार

कायदा झाला. सेक्रेटरीबाईंचा फोन — "काकू, अर्धं तर अर्धं, पण तुमच्यामुळे!" बहिणीचाही फोन. मी बरं बरं म्हणून ठेवून दिला. सूनबाईला प्रमाणपत्र मिळेल आता. आज तिच्या शाळेतले आणखी एक मास्तर सोडून गेले.

७ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नळाचा आवाज आला नाही. जपाला बसल्या बसल्या डोळे भरून आले — पावलास रे देवा! उठून पाहते तर शाळेची पिशवी खुंटीलाच, आणि सूनबाई ओट्याशी भाजी चिरतेय.

"काल राजीनामा दिला, आई," म्हणाली. "आता पाणी वाया नाही जायचं."