घुमटाच्या दाराची चौकट

दादा,

तू भांडून, सुतारकामाची हत्यारं उचलून निघून गेलास, तरी बाबांनी ओसाड माळावर हे घुमटाचं घर उभं केलंच. गोल भिंतीत दाराची चौकट बसवायला आलेले दोन सुतार हात टेकून परत गेले. अजून ताडपत्रीच लोंबतेय. वर तुझं नाव काढायचं नाही, हा बाबांचा हुकूम.

पण या घुमटात एका भिंतीशी पुटपुटलं की समोरच्या भिंतीशी स्पष्ट ऐकू येतं. काल मी भांडी घासताना बाबांचा आवाज आला, "चौकट त्यालाच जमली असती."

मी वैतागून भिंतीला म्हटलं, "मग बोलवा ना त्याला."

भिंत म्हणाली, "तू लिही. पण मी सांगितलं, असं लिहू नकोस."

आता सगळंच लिहून बसले. हे पत्र टाकू कसं?

तुम्हा दोघांपुढे हरलेली,
तुझी धाकटी बहीण