उसने जंतू

३ फेब्रुवारी
परत सुरू! गोळ्या संपून आठवडाही झाला नाही, तोच पुन्हा जुलाब. छातीच्या आजारात घेतलेल्या अँटिबायोटिकांनी पोटातले चांगले जंतू मारले आणि उरलेल्या एका दुष्टाने सगळं घर बळकावलं — डॉक्टर दर वेळी हेच सांगतात. कळून काय उपयोग? पलंगावर मेणकापड घातलंय, तान्ह्या बाळासारखं.

५ फेब्रुवारी
आरशात बघणं सोडलं.

७ फेब्रुवारी
नवीन उपाय. निरोगी माणसाचा मळ नळीने माझ्या आतड्यात सोडायचा! नवरा खुर्चीतून उठलाच. डॉक्टर शांत. "नुसते जंतू नसतात हो त्यात. जंतूंना आवरून धरणारे विषाणूही असतात. ती अख्खी वस्तीच हवी." म्हणजे पोटात भाडेकरू ठेवायचे, मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

देणारा मात्र धडधाकट हवा, आणि तीन महिन्यांत एकही अँटिबायोटिक घेतलेलं नको. नवरा बाद, घशासाठी नुकतंच घेतलंय.

१३ फेब्रुवारी
बहीणही बाद. तिच्या रक्तात काविळीचा विषाणू निघाला, बिचारीला पत्ताच नव्हता. उरल्या कोण? वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई! सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून आमचा दोन वर्षं अबोला. म्हटलं, मेले तरी मागणार नाही. "मग मरशील," नवरा म्हणाला आणि रडायला लागला. माझ्यात रडण्यापुरतंही पाणी उरलेलं नाही.

१४ फेब्रुवारी
नवराच वर जाऊन आला. जाऊबाई एवढंच म्हणाल्या म्हणे, "कधी देऊ?"

२२ फेब्रुवारी
जाऊबाई सगळ्या तपासण्यांत पास. असणारच! तीन मार्चची तारीख मिळाली. तोवर टिकले तर.

२६ फेब्रुवारी
जाऊबाई खाली आल्या होत्या — नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळून! दारातच उभ्या. बसा म्हटलं तर नुसती मान हलवली. चहाला हात लावला नाही. येत असेल वास, मान्य. पण इतकी किळस? मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

२८ फेब्रुवारी
दुपारभर डोक्यावर त्यांच्या येरझाऱ्या. हो म्हणून पस्तावल्या असणार.

४ मार्च
काल झालं. जाऊबाई बाकावर, स्कार्फ तसाच. नर्सने विचारलं, "ताप वगैरे?" त्यांनी हातानेच नाही म्हटलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, लागू पडलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा. म्हणजे पुन्हा ह्यांच्याच दारात! मला काडीची आशा नाही.

६ मार्च
काल दिवसभर जुलाब नाही. आजही नाही. घाबरून लिहितेय.

७ मार्च
एक केळं खाल्लं, पचलं! नवरा वर सांगायला निघाला होता, मीच अडवला. इतक्यात कशाला? कळेल त्यांना सावकाश. स्कार्फ गुंडाळून येणाऱ्यांना कसली एवढी घाई?

९ मार्च
सकाळी दीर धावत खाली आले. जाऊबाई बेशुद्ध! दाढेत पू झाला होता, कित्येक दिवस. सुजलेला गाल स्कार्फखाली. दातांच्या डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, घेतलंच नाही. नुसत्या तापाच्या गोळ्या. दीर म्हणाले, "तीन तारखेनंतर तरी घे म्हटलं. तर म्हणाली, खालून काही कळलं नाही अजून, तिला पुन्हा लागेल."

आता पू गळ्यापर्यंत आणि विष रक्तात. शिरेतून जहाल अँटिबायोटिक चालू आहे. त्यांच्या पोटातलं सगळं मरणार. जिवंत आहे ते फक्त माझ्यात.

डॉक्टरांना विचारलं, माझ्यातलं त्यांना परत देता येईल ना?

"आधी त्या वाचू देत," म्हणाले.